पाटी नसलेलं घर

या अंकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा सोबत एक फोटोही मागितला. "तुम्ही इतकी वर्षं जिथे काम केलंत त्या वास्तूचा एखादा चांगला फोटो पाठवा, पान सजेल," असं त्यांचं म्हणणं. भला माणूस आहे, त्यांना काय माहीत. त्या घराचा फोटो कुणाकडे असू नये, याच कामाचा मला पगार होता. म्हणजे, जेव्हा मिळे तेव्हा होता. एक फोटो आहे माझ्याकडे, पण तो छापण्यातला नाही. का नाही, ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

घरात मार खाऊन बाहेर पडलेल्या बायकांसाठी एक निवारा होता, त्याची मी अधीक्षिका. घर संस्थेनं चालवायचं, अनुदान सरकारनं द्यायचं, असा मामला. घर पिंपरी-चिंचवडमध्ये कुठेतरी. याहून जास्त पत्ता मी माझ्या सासूबाईंनाही सांगितला नव्हता, आणि त्या बिचाऱ्या शेवटपर्यंत नातेवाइकांना "सून मुलींच्या हॉस्टेलवर असते" असंच सांगत राहिल्या. मी संत तुकाराम नगरात वाढलेली. वडील कंपनीत टर्नर, घरात बाबासाहेबांचा फोटो आणि मुलींनी शिकलंच पाहिजे असा दंडक. शिकून मी काय करते हे मात्र वडिलांनाही नीट कधी सांगता आलं नाही. शेजारी विचारायचे, पोरगी कुठे असते कामाला? वडील म्हणायचे, सरकारी आहे. तेही पूर्ण खरं नव्हतं.

अधीक्षिका म्हटलं की लोकांना टेबल-खुर्ची आणि घंटी दिसते. माझं काम म्हणजे गॅस संपला का बघणं, पोरांचे शाळेत दाखले मिळवणं, पोलीस स्टेशनात बसून राहणं, आणि आठवड्यातून दोनदा तरी कुणाला तरी माहेरी फोन करू नको म्हणून विनवणं. बाई पळून आली की पहिला फोन आईला करते, आणि आई तो जावयाला सांगते. वाईट हेतूनं नाही हो. तिला वाटतं, आता मिटेल.

बाई यायची ती पोलिसांकडून, नाहीतर हॉस्पिटलातून. आल्या आल्या तिला एकही प्रश्न विचारायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा. आधी चहा, मग गरम पाण्याची बादली, मग जेवण. मी मात्र तोवर तिच्या पायांकडे बघून घ्यायची. एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्यात दुसरीच असेल, तर ही ठरवून आलेली नाही, जीव घेऊन पळालेली आहे, हे कळायचं. असल्या बाईला झोपू द्यायचं. बोलायची घाई तिला नसते, आपल्याला असते.

माणसं नाना तऱ्हेची भेटली. वाकडच्या उंच सोसायटीतली एक इंजिनिअर बाई गाडीच्या किल्ल्या मुठीत धरून झोपायची. पहिल्या दिवशी गीझर नाही म्हणून माझ्याशी भांडली आणि तिसऱ्या दिवशी सूपभर लसूण सोलून ठेवला. एकदा पोलिसांनी एक म्हातारी आणून सोडली, जुन्या गावठाणातली, नऊवारीतली. पोरानं मारलं होतं. खाटेवर बसली, खोली न्याहाळली आणि मला म्हणाली, "बाई, माझी सून बी हितंच आलती का गं?"

आली होती. दोन वर्षांपूर्वी, त्याच पोराच्या हातचा मार खाऊन. त्या वेळी हीच म्हातारी पोलीस स्टेशनात आमच्या नावानं शंख करत होती. पण कोण आलं होतं, कोण गेलं, हे कुणालाही सांगायचं नाही, हा आमचा दुसरा कायदा. मी म्हटलं, "मला नाही आठवत, आजी." तिनं माझ्याकडे बघितलं आणि पदरानं तोंड झाकून रडत राहिली. तिला कळलं होतं.

आता अनुदानाबद्दल. त्याच्याशिवाय या गोष्टीचा उलगडा व्हायचा नाही. लोकांना वाटतं सरकारनं योजना जाहीर केली की पैसा नळाच्या पाण्यासारखा येत असेल. तो आमच्याकडे पिंपरीच्या नळासारखाच यायचा, दिवसाआड आणि नको त्या वेळी. वर्षभर प्रस्ताव पाठवायचा, तो त्रुटी काढून परत यायचा, मग पूर्तता करायची, मग साहेबांची बदली व्हायची. मार्चच्या शेवटी एकदम हप्ता यायचा आणि महिना संपायच्या आत खर्च करा म्हणायचे. एके वर्षी धान्याला दमडी नव्हती आणि प्रशिक्षणाच्या नावाखाली पैसे आले. आम्ही प्रोजेक्टर घेतला. तो अजून खोक्यात आहे. बायका-पोरांनी काय तो भिंतीवर चालवून खायचा होता?

या उपासमारीतूनच चपात्यांचा धंदा सुरू झाला. वत्सलाबाई म्हणून आमच्या स्वयंपाकीण होत्या. त्या स्वतः कधीकाळी याच घरात रडत आलेल्या आणि मग इथल्याच झालेल्या. त्या एकदा म्हणाल्या, "मॅडम, एवढ्या बायका नुसत्या बसून रडतात, त्यापेक्षा लाटणं द्या हातात." आमच्या भागात कंपन्यांतली पोरं खोल्या करून राहतात. बीडची, नांदेडची, बिहारची. शिफ्टवरून आलेल्या पोराला चपाती करायचं त्राण नसतं. रस्त्याकडच्या खिडकीतून आम्ही चपात्या विकायला लागलो. खिडकीशी वत्सलाबाई, आत पडद्यामागे लाटणाऱ्या बायका. गॅसचा खर्च निघाला, पोरांना दूध मिळायला लागलं.

आणि न मागता आणखी एक मोठी गोष्ट मिळाली. आमच्या घराला पाटी नव्हती आणि ते एक कोडंच होतं. एवढ्या बायका, रोज नवी तोंडं, पोलिसांची गाडी येते-जाते, हे नक्की आहे काय, असं शेजारी विचारायचे. चपात्या सुरू झाल्यावर सगळे प्रश्न मिटले. आम्ही मेसवाल्या झालो. बायका येतात कशाला? लाटायला. जातात कशाला? काम सोडलं म्हणून. पोलीससुद्धा बाईला रिक्षात बसवून रिक्षावाल्याला सांगायचे, "चपातीवाल्या बाईंकडे सोड." या भागात मेस काय, गल्लीगल्लीत आहेत. आणखी एक मेस कुणाच्या नजरेत भरत नाही. एवढं सुरक्षित ते घर कुठल्याच कुलपानं झालं नव्हतं.

घरमालक तात्या. जुन्या शेतकरी घराण्यातले. जमिनी कंपन्यांत गेल्या, त्या पैशातून इमारती उठल्या, पण तात्यांच्या अंगावरची बंडी आणि जिभेवरची भाषा काही उठली नाही. खाली ओट्यावर बसून असायचे. कुणी अनोळखी घुटमळला की विचारायचे, "चपात्या पायजे व्हय? किती? घ्या आन् चला." भाडं थकलं तरी त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. मी संकोचले की म्हणायचे, "ताई, आमी जमीन इकून बसल्यालो मानसं. भाडं कुटं पळतंय?"

मग तपासणी आली. जिल्ह्याहून एक अधिकारी आले, घर बघितलं, मुलांना चॉकलेटं दिली, वत्सलाबाईंच्या हातच्या गरम चपात्या मटकीच्या उसळीशी खाल्ल्या, वाढून घेतल्या. जाताना म्हणाले, "अप्रतिम!" त्यांच्या अहवालात दोन शेरे आले. अनुदानित संस्थेत विक्रीचा व्यवसाय चालतो, तो तात्काळ बंद करावा. आणि घराच्या दर्शनी भागावर योजनेच्या नावाची पाटी नाही, ती लावून पाटीसह फोटो ॲपवर चढवावा, त्याशिवाय पुढचा हप्ता सोडता येणार नाही.

म्हणजे ज्या चपात्यांनी आम्हाला जगवलं आणि लपवलं त्या बंद करा, आणि इथे लपलेल्या बायका राहतात असं दारावर लिहा.

नेमक्या त्याच दिवसांत रंजना आमच्याकडे होती. परभणीकडची. लग्न करून चाकणला आलेली, एका लहान कारखान्यात पॅकिंगला जाणारी. नवरा संतोष एका ठेकेदाराची बस चालवायचा, कामगारांना चिंचवडहून चाकणला न्यायचा आणि परत आणून सोडायचा. म्हणजे आमच्या भागातली एकेक गल्ली, एकेक थांबा त्याला तोंडपाठ. त्यानं रंजनाचं मनगट मोडलं होतं, आणि मनगट मोडल्यावर सांगितलं होतं की पोरीला गावी आईकडे टाकतो, मग बघतो तू कुठं जातेस. पोरगी म्हणजे आरू, पाच वर्षांची. रंजना तिला घेऊन हॉस्पिटलातूनच निघाली.

कोर्टात अर्ज केला होता. त्यानं हिच्या जवळ फिरकू नये आणि पोरगी आईकडेच राहावी, असा आदेश मिळायचा होता. तारीख पडली होती. आमच्या वकीलबाईंनी बजावून सांगितलं होतं, "तोपर्यंत तिचा ठावठिकाणा त्याला कळू देऊ नका. आदेश हातात आला की पोलिसांना त्याला हटकता येईल, त्याआधी नाही." तेवढंच काम होतं. तारखेपर्यंत लपून राहायचं.

रंजनाला चपात्या लाटता यायच्या नाहीत, हात प्लास्टरमध्ये. ती कणीक मळणाऱ्या बायकांना पाणी घालून द्यायची आणि बोलत राहायची. हसायचीसुद्धा. आरूनं आख्ख्या घराला लळा लावला होता. तिचा एक लाडका फ्रॉक होता, आमरसाच्या रंगाचा, खिशावर बदक शिवलेलं. तो ती अंगावरून काढू द्यायची नाही. धुवायला टाकला की दोरीखाली उभी राहून वाळायची वाट बघायची.

मी जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, टेबलावर फायलींचा ढीग. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "मॅडम, मला कळतंय हो. पण ॲप फोटोशिवाय पुढेच सरकत नाही. मी तरी काय करू?"

"अहो, पण पाटी लावली तर नवरे दारात येतील."

"मग असं करा ना. लावा, फोटो काढा, आणि काढून टाका. बाकीचे तेच करतात."

मला हसावं की रडावं कळेना. सरकारची योजना, सरकारचीच अट, आणि ती कशी चुकवायची हे सांगणाराही सरकारचाच माणूस. मी भांडले. चढ्या आवाजात बोलले. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. त्यांची चूक नव्हती, हे मला बसमध्ये बसल्यावर जाणवलं.

संस्थेच्या कार्यकारिणीत विषय आला. आमचे सचिव निवृत्त बँक मॅनेजर, सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "कांबळे मॅडम, हप्ता आला नाही तर घरच बंद करावं लागेल. मग या बायकांना कुठे ठेवणार?" चपात्या आधीच बंद झाल्या होत्या, किराणावाला माल द्यायला कुरकुरत होता. ठरलं, पाटी लावायची, फोटो काढायचा, लगेच उतरवायची.

दुपारी गल्ली निजलेली असते तेव्हा पाटी लावली. खिळा ठोकायला तात्या. हातोडी मारता मारता म्हणाले, "ताई, हे काय बरं न्हाई. चोरालाच पत्ता दिल्यागत हाय हे." मी म्हटलं, "तात्या, पाच मिनिटांचं काम आहे." मी हुशारी केली. जवळून फोटो काढला, नुसती पाटी आणि भिंतीचा तुकडा. कुठलं घर आहे, कुणाच्या बापाला कळलं नसतं. पाटी उतरवली, फोटो पाठवला, आणि मनात म्हटलं, जिंकलो.

आठवड्यानं त्रुटी आली. संपूर्ण इमारत दिसत नाही. आणि ठिकाणाचा नकाशा उमटलेला नाही. हल्ली फोटोतच खाली पत्ता, नकाशा, तारीख, वेळ सगळं छापून येतं असं एक ॲप असतं, त्याच्यातच काढायचा. पुन्हा पाटी लावली. या वेळी सचिव स्वतः आले, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. त्यांनी फार काळजी घेतली हो. सगळ्या बायका आत घेतल्या, पोरं आत घेतली, खिडक्या बंद करून घेतल्या. एकही चेहरा फोटोत येणार नाही हे दोनदा तपासून बघितलं. मीही तपासलं. चेहरा नव्हताच.

महिला दिन आला. कार्यालयाच्या ग्रुपवर अनुदानित संस्थांचे फोटो एकत्र करून टाकले गेले, अभिनंदनासहित. तिथपर्यंतही ठीक होतं. पण आमच्या भागात निवडणुकीची हवा होती, आणि गल्लोगल्ली भावी नगरसेवक उगवले होते. त्यांतल्या एकाच्या हाती तो फोटो लागला. त्यानं त्याच्यावर कोपऱ्यात स्वतःचा हात जोडलेला फोटो चिकटवला, खाली लिहिलं, आपल्या प्रभागातील पीडित भगिनींसाठी आमच्या प्रयत्नांतून भरघोस निधी, आणि दिला व्हॉट्सॲपवर सोडून. त्या माणसानं आमचं दार आजवर बघितलं नव्हतं. चपाती घ्यायलाही आला नव्हता.

त्यानंतर दोन दिवसांनी कामगारांची एक रिकामी बस घरासमोर येऊन थांबली. त्यातून एक माणूस उतरला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला अष्टगंध. तात्यांनी सवयीनं विचारलं, "काय पायजे?" चपात्या पायजे व्हय, असं आता विचारता येत नव्हतं.

"अधीक्षिका मॅडमला भेटायचंय," तो म्हणाला.

मी दारात गेले. त्यानं हात जोडले. "नमस्कार मॅडम. माझी मिसेस तुमच्याकडं आहे, रंजना. मी संतोष."

"इथे अशी कुणी नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोलले आहे की झोपेतही आवाज कापायचा नाही.

तो चिडला नाही. मोबाइल काढला, तो फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा करून माझ्यासमोर धरला. वरच्या गॅलरीत कपडे वाळत घातले होते. परकर, टॉवेल, शाळेचे शर्ट. त्यांच्यामध्ये आमरसाच्या रंगाचा एक फ्रॉक, खिशावर बदक.

"हा फ्रॉक मी घेतलाय, मॅडम," तो म्हणाला. "चाकणच्या बाजारातून. पोरीच्या वाढदिवसाला."

आम्ही सगळे चेहरे आत घेतले होते.

"तुमचा गैरसमज होतोय," एवढंच मी बोलले आणि दार लावलं. त्यानं अडवलं नाही. तो बसमध्ये जाऊन बसला.

मग रोज. शिफ्टची माणसं उतरवली की बस आमच्यासमोर. तो शिव्या देत नव्हता, दगड मारत नव्हता. चहा प्यायचा आणि गॅलरीकडे बघत बसायचा. मी पोलिसांना बोलावलं. ओळखीचाच हवालदार आला, त्याच्याशी बोलला, आणि आत येऊन मला म्हणाला, "मॅडम, रस्त्यावर गाडी उभी करून बसणं काही गुन्हा नाही. कोर्टाचा कागद दाखवा, लगेच उचलतो." कागद तारखेलाच मिळायचा होता. वकीलबाईंनी लवकरची तारीख मागितली, कोर्टानं दिली नाही. आम्ही रंजनाला दुसऱ्या जिल्ह्यातल्या निवाऱ्यात हलवायचं ठरवलं. तिथून उत्तर आलं, जागा नाही, आमचाही हप्ता थकलाय.

घरातलं वारं फिरलं. पोरं शाळेत जायची बंद झाली. बाकीच्या बायकांनाही आपापले नवरे त्या बसच्या काचेत दिसायला लागले. एकीनं रात्रीतून गाशा गुंडाळून बहिणीकडे जायचं ठरवलं, तिला कसंबसं थांबवलं. तात्या ओट्यावर काठी घेऊन बसायला लागले. सत्तरी उलटलेला माणूस, काठी टेकायला की मारायला, त्यांनाच माहीत.

एका सकाळी रंजना पिशवी भरून माझ्यासमोर उभी राहिली. "ताई, मी जाते."

मी उठलेच. "डोकं फिरलंय का तुझं? तारखेला किती दिवस राहिलेत?"

"ते माणूस तारखेपर्यंत तिथंच बसायलंय, ताई. आन् तारखेनंतर बी बसंल. लेकरं भ्यायलेत सगळे. त्यायची शाळा बुडायलीय. माझ्या एकटीमुळं सगळ्यायनं कामून कोंडून घ्यायचं?"

"ते मी बघीन. ते माझं काम आहे."

"तुम्ही लई बघितलं, ताई." ती हसली. "मी गेले की तो जाईल. त्याला दुसरं कुनी नको, मीच पायजे."

मी रागावले, समजावलं, हात धरला, शेवटी ओरडलेसुद्धा. पण आमचं घर तुरुंग नव्हे. बाई जाते म्हणाली की दार उघडून द्यावं लागतं, हाही आमचा एक कायदा, आणि तो मीच कामावर येणाऱ्या नव्या मुलींना शिकवायचे. वत्सलाबाईंनी तिला दशम्या बांधून दिल्या. आरूनं बदकाचा फ्रॉक घातला होता. तिला वाटलं आपण घरी चाललो, म्हणून ती खूश होती. बसच्या पायरीवर चढताना तिनं वळून सगळ्यांना टाटा केला. संतोषनं मला पुन्हा हात जोडले. "तुमचे उपकार झाले, मॅडम," म्हणाला.

चार दिवसांनी रंजनाचा फोन आला. "ताई, बरंय माझं. काळजी करू नका." फोन स्पीकरवर होता, हे घुमणाऱ्या आवाजावरून कळत होतं. मी विचारलं, "आरू काय करते?" मग ती म्हणाली, "आरू गावी गेलीय, आजीकडं." आणि फोन बंद झाला. तो पुन्हा लागला नाही. तारखेला ती कोर्टात आली नाही, अर्ज निकाली निघाला. मी अशी प्रकरणं बघणाऱ्या सरकारी संरक्षण अधिकाऱ्यांना घेऊन चाकणच्या खोलीवर गेले, तर तिथे दुसरीच पोरं राहत होती. ठेकेदार म्हणाला, त्यानं काम सोडलं, कुठं गेला माहीत नाही. परभणीच्या गावी चौकशी पोहोचवली, त्याला उत्तर आलं नाही. आजतागायत आलेलं नाही.

वर्षाच्या शेवटी सरकारला अहवाल द्यायचा असतो, किती बायका आल्या, त्यांचं काय झालं. नवऱ्याकडे परत गेलेल्या बाईसाठी त्यात रकाना आहे, कुटुंबात पुनर्स्थापित. तो यशाचा रकाना आहे. घाबरून गेली, दुसऱ्यांच्या पोरांची शाळा बुडू नये म्हणून गेली, यांसाठी रकाना नाही. रंजना तिथे यश म्हणून मोजली गेली. मार्च संपायच्या आत हप्ता आला, पहिल्यांदाच पूर्ण आणि एकदम. फोटो बिनचूक होता ना.

ते घर आम्हाला सोडावं लागलं. पत्ता एकदा फुटला की घर वाया जातं. तात्या सामान टेम्पोत चढवू देईनात. "मी बसतो की दारात, कशाला जाताय?" म्हणाले. मग आत जाऊन बसले ते टेम्पो निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. नव्या जागी मी वर्षभर काम केलं आणि निवृत्त झाले. निरोप समारंभात मला शाल मिळाली. भाषणात सचिवांनी सांगितलं की मॅडमनी हजारोंना आधार दिला. तसं म्हणायची पद्धत असते. कित्येक बायका उभ्या राहिल्या, नोकऱ्या करतात, पोरांच्या लग्नाची बोलावणी धाडतात, याचा मला अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. पण कुणी हजारो म्हटलं की मला एकच फ्रॉक आठवतो. काय करणार?

तर संपादक महाशय, फोटो पाठवत नाही. राग मानू नका.

हा लेख लिहायला बसले होते तेवढ्यात प्राजक्ताचा फोन आला. माझ्या जागी आलेली मुलगी, चुणचुणीत आहे. म्हणाली, "मॅडम, पोर्टलवर आता नव्या घराचा फोटो मागितलाय. पाटीसह, पूर्ण इमारत, आणि खाली पत्ता. उद्या शेवटची तारीख आहे. कसा काढू?"

एवढ्या वर्षांच्या अनुभवातून हिला काय द्यावं?

"आधी दोरीवरचे कपडे आत घे," मी म्हणाले.

"सगळे?"

"सगळे. मुलांचे आधी."